वडगांव ते सालबाई : महादजींची मध्यस्थी

पुण्याहून लोणावळ्यास आगगाडीनें जातांना तळेगांव मागें पडलें कीं वडगांवचें स्थानक लागतें. मी शाळेंत इतिहास शिकवीत असतां वडगांवचा तह मुलांस चटकन् पाठ होई; सालबाईचा मात्र तीं विसरत. विजयाची गोष्ट गोड लागते, समेटाची लागत नाहीं. परंतु महादजी शिंद्यांच्या मुत्सद्देगिरीची खरी कसोटी सालबाईस लागली, असें माझें मत आहे.

१७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रज राघोबादादांचा पक्ष घेऊन बोरघाट चढून आले. सैन्य सुमारें चार हजार, ओझ्याचे बैल त्याहून कितीतरी अधिक. कार्ल्यास कॅप्टन स्ट्यूअर्ट पडला. त्या शूर शत्रूचें नांव लोकांनीं 'इष्टुर फांकडा' म्हणून जपलें. तळेगांवीं इंग्रज पोंचले तों गांव जळालेला, दाणावैरण नाहींशी झालेली! मोठ्या तोफा तळ्यांत लोटून ते रातोरात मागें फिरले आणि वडगांवीं कोंडले गेले. जानेवारी १७७९ मध्यें करार झाला : साष्टी परत द्यावी, बंगालहून निघालेली फौज थांबवावी. दादा महादजींच्या स्वाधीन झाले, दोन इंग्रज ओलीस राहिले.

तह करण्याचा अधिकार आपणांस नाहीं, हें इंग्रजांनीं आधींच कळविलें होतें. अखेर तेंच आडवें आलें. मुंबई व कलकत्ता या दोन्ही सरकारांनीं करार झिडकारला; गॉडर्ड फौजेसह सुरतेस पोंचला आणि दादाही निसटून त्यास मिळाले.

युद्ध पुन्हा पेटलें. १७८० मध्यें ग्वाल्हेरचा किल्ला गेला, वसई गेली; १७८१ मध्यें गॉडर्ड खंडाळ्यापर्यंत येऊन हटला. तिकडे कर्नाटकांत हैदर इंग्रजांस जेरीस आणीत होता. दोन्ही पक्ष थकले होते. त्या वर्षींच्या ऑक्टोबरांत महादजींनीं स्वतःपुरता समेट करून मध्यस्थी पत्करली. डेव्हिड अँडर्सनशीं बोलणीं होऊन १७ मे १७८२ रोजीं सालबाईचा तह ठरला. पुरंदरच्या तहानंतर घेतलेला मुलूख इंग्रजांनीं सोडला, दादांस दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक झाली, आणि दोहों पक्षांस जामीन राहिले महादजी. वडगांवीं दाखविलेल्या औदार्याची आठवण ठेवून इंग्रजांनीं भडोच त्यांस दिलें.

या तहास किंमतही पडली. वडगांवीं कागदावर मिळालेली साष्टी इंग्रजांकडेच राहिली. हैदराशीं झालेला करार मोडत होता; म्हणून नाना फडणिसांनीं मान्यता लांबविली आणि हैदर ७ डिसेंबरास वारल्यावर २० डिसेंबर १७८२ रोजीं ती दिली. महादजींच्या वाढत्या प्रतिष्ठेचें शल्यही त्यांस असावें.

तरीही या तहानें इंग्रज-मराठ्यांमध्यें वीस वर्षें शांतता राहिली. वडगांवीं शत्रु कोंडलेला होता, पण त्याच्या शब्दामागें अधिकार नव्हता. सालबाईस कमी मिळालें. परंतु जें मिळालें तें पाळण्यांत दोघांचाही लाभ होता, आणि मध्यें दोघांनीं मानलेला माणूस होता. १७९४ मध्यें महादजी पुण्याजवळ वानवडीस निवर्तले. पुढें १८०२ च्या अखेरीस दुसरे बाजीराव वसईस इंग्रजांशीं तह करूं लागले, तेव्हां असा जामीन कोणी उरला नव्हता.