खूण आणि मोहर

धोबी कपड्याच्या कोपऱ्यावर शाईची खूण करतो आणि तलाठी दाखल्यावर शिक्का मारतो. दोन्ही शाईचेच ठसे. पण पहिला फक्त ओळखीपुरता, दुसरा विश्वासाचा. एमडी5 या हॅश फंक्शनच्या वाट्याला तीस वर्षांत ही दोन्ही कामे आली, आणि नियमांना त्यांतला फरक दिसेना. वेब फ्रेमवर्क लिहिणाऱ्यांची बरीच वर्षे ही गाठ सोडवण्यात गेली.

अमेरिकेतील एमआयटीचे रॉन रिव्हेस्ट यांनी 1991 मध्ये एमडी5 घडवले. फाइल केवढीही असो, तिचा ठसा 128 बिटांचा, म्हणजे 32 अक्षरी. ते जलद होते, फुकट होते आणि प्रत्येक भाषेत तयार मिळत होते. जिथे ठसा हवा तिथे एमडी5, ही प्रोग्रामरांच्या हाताची सवयच झाली.

मोठी चीर 1996 मध्ये जर्मन गणिती हान्स डॉबर्टिन यांनी दाखवली. ऑगस्ट 2004 मध्ये चीनच्या श्याओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांता बार्बरा येथील क्रिप्टो परिषदेत एकच एमडी5 ठसा असलेले दोन वेगवेगळे संदेश मांडले. 2008 च्या डिसेंबरमध्ये तर संशोधकांनी सुमारे 200 प्लेस्टेशन-3 यंत्रे जुंपून ब्राउझर खरे मानतील असे बनावट प्रमाणपत्र देणारे केंद्रच उभे करून दाखवले. 2012 मध्ये उघड झालेल्या फ्लेम या हेरगिरीच्या प्रोग्रामने असाच डाव मायक्रोसॉफ्टच्या सहीवर खेळला होता. शिक्का म्हणून एमडी5 संपले होते.

खूण म्हणून मात्र ते घराघरांत नांदत होते. पायथॉनमधील जँगो हे फ्रेमवर्क पाहा. ओरॅकल डेटाबेसमध्ये नाव 30 अक्षरांपलीकडे न्यायचे नाही, असा जँगोचा हिशेब होता. मग लांबलचक नाव छाटायचे आणि दोन छाटलेली नावे सारखी होऊ नयेत म्हणून शेपटीला एमडी5 ठशातली चार अक्षरे जोडायची. कॅशमधल्या चाव्यांनाही तोच ठसा. इथे कोणी कोणाला फसवण्याचा प्रश्नच नाही. दोन नावे एकमेकांवर आदळू नयेत, एवढीच अपेक्षा.

अमेरिकी सरकारी कार्यालयांच्या यंत्रांवर मात्र फिप्स या सरकारी मानकांचे नियम चालतात. एमडी5 त्या मान्य यादीत कधीच नव्हते. रेड हॅटसारख्या लिनक्सवर फिप्स मोड चालू केला की पायथॉनमध्ये एमडी5 मागताच थेट एरर येते, मग तो ठसा पासवर्डसाठी असो की टेबलाच्या नावासाठी. चोख लिहिलेली, कुठलीही पळवाट नसलेली वेबसाइट त्या यंत्रावर कोसळे.

मग नियमांत बसणारे एसएचए-256 हे हॅश फंक्शन का लावले नाही? कारण जुन्या डेटाबेसांत त्या चार अक्षरांसकट नावे कोरली गेली होती. हॅश बदलला की जँगो नव्या नावाने हाक मारणार आणि त्या नावाचे तिथे कोणीच नसणार. बिनधोक ठसा काढून टाकायचा, तर चालती घरे मोडणार.

उपाय साधा होता, पण सगळ्यांच्या गळी उतरायला वेळ लागला. प्रोग्रामरनेच हेतू सांगायचा: हा ठसा सुरक्षेसाठी नाही. ही मागणी पायथॉनकडे 2010 मध्येच गेली होती. ‘यूज्ड फॉर सिक्युरिटी’ हा पर्याय अधिकृतपणे आला तो ऑक्टोबर 2020 च्या पायथॉन 3.9 मध्ये. जिथे ठसा केवळ खुणेपुरता होता तिथे जँगोने तो ऑगस्ट 2022 च्या 4.1 आवृत्तीत वापरला. एका शब्दाच्या उत्तरासाठी बारा वर्षे. तरीही हा मार्ग योग्यच म्हणायला हवा, कारण त्यामुळे प्रत्येक ठिकाणी थांबून ‘हे कशासाठी?’ असे विचारणे भाग पडले.

रूबीतील रेल्स या फ्रेमवर्कवाल्यांनी दुसरी वाट धरली आणि नव्या प्रकल्पांसाठी एमडी5 वरून एसएचए-1, तिथून एसएचए-256 अशा पायऱ्या चढल्या. जावास्क्रिप्टच्या फाइली एकत्र बांधणारे वेबपॅक तर एमडी5 च्याही आधीचे, 1990 चे एमडी4 वापरत होते. ऑक्टोबर 2021 मध्ये नोड 17 सोबत ओपनएसएसएल 3 आले, त्यात एमडी4 सहज मिळेनासे झाले आणि एका अपडेटनंतर असंख्य प्रकल्प बिल्ड होईनासे झाले.

भारतात 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायच्या त्याच्या प्रमाणपत्रात फाइलचा हॅश लिहावा लागतो आणि त्यासाठीच्या पर्यायांत एसएचए-1, एसएचए-256 यांच्या जोडीला एमडी5 चाही समावेश आहे. पुण्यातल्या न्यायालयात मोबाइलचे चित्रीकरण दाखल होते तेव्हा तो ठसा धोब्याची खूण नसतो. आधीच तयार असलेल्या फाइलला जुळणारी दुसरी फाइल बनवणे आजही व्यवहारात जमत नाही. पण दोन्ही फाइली एकाच माणसाने घडवल्या असतील, तर सारखा एमडी5 ठसा साध्या लॅपटॉपवर काढता येतो. म्हणून प्रमाणपत्र भरणाऱ्याने एसएचए-256 वर खूण करावी. फॉर्ममध्ये तो चौकोन आहेच.