रद्दीत न गेलेले कच्चे कागद

तंजावरला गेलात तर राजवाड्यातला सरफोजीराजे भोसल्यांचा पुतळा जरूर बघा. पांढरा संगमरवर, हात जोडून उभे आहेत राजे. घडवणारा लंडनचा जॉन फ्लॅक्समन. पण हा माणूस युरोपभर गाजला तो पुतळ्यांपेक्षा रेघांमुळे.

१७८७ साली तो दोन वर्षांसाठी म्हणून रोमला गेला आणि सात वर्षं राहिला. तिथे जॉर्जियाना हेअर-नेलर या बाईंनी त्याच्याकडून होमरच्या 'इलियड' आणि 'ओडिसी'ची चित्रं काढून घेतली. मानधन किरकोळच. फ्लॅक्समनने जुन्या ग्रीक भांड्यांवरची चित्रं नजरेसमोर ठेवून नुसत्या बाह्यरेषा काढल्या. सावली नाही की मागे देखावा नाही. तोमासो पिरोलीने त्या तांब्याच्या पत्र्यावर कोरल्या, १७९३ला छापून आल्या, आणि मग इंग्लंड, जर्मनी, फ्रान्स, जो तो त्या रेघेच्या प्रेमात! स्पेनच्या गोयानेसुद्धा फ्लॅक्समनची दांतेवरची चित्रं समोर घेऊन रेखाटनं केली.

आता गंमत बघा. छापलेली रेघ एकजात, थंड, तारेसारखी. मूळ कागदांचे फोटो नेटवर आहेत, त्यात शाईखाली पेन्सिल दिसते. म्हणजे हात आधी चाचपडलाय, मग ठरलाय. ज्या 'शुद्ध' रेघेला लोकांनी डोक्यावर घेतलं ती निम्मी पिरोलीच्या हातची, असं माझं मत. पटत नसेल तर भांडा.

हे भांडण आज करता येतं ते कच्चे कागद टिकले म्हणून. १८२६ला फ्लॅक्समन वारला. त्याची मेहुणी मारिया डेनमन हिने घरातली रेखाटनं आणि प्लास्टरचे नमुने जपले, आणि मोठा साठा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजला दिला.

आमच्या गावात एक छापखाना होता. दिवाळी अंकासाठी ड्रॉइंगचे एक मास्तर रामायणातले प्रसंग काढून द्यायचे. आधी पेन्सिलीत तीन-चार कागद, मग शाईत एक. ब्लॉक झाला की सगळे कागद खिळ्याला. छापखाना बंद पडला तेव्हा ते किलोवर गेले. मी नवा बातमीदार, तिथेच चहा पीत बसलेलो. एकही उचलला नाही.

कुणाच्या माळ्यावर असलं काही असेल तर कळवा. मी येऊन फोटो काढून नेतो, कागद तुमच्याकडेच राहू द्या.