परांजपे, सर रघुनाथ पुरुषोत्तम

(१६ फेब्रुवारी १८७६ – ६ मे १९६६). गणितज्ञ, फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य, मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री आणि ऑस्ट्रेलियातले भारताचे पहिले हायकमिशनर. पुण्याला ते 'रँग्लर परांजपे' म्हणूनच ठाऊक आहेत. तेविसाव्या वर्षी मिळालेली ही बिरुदावली नावाला अशी चिकटली, की पुढचे राजकारण आणि मुत्सद्देगिरी तिच्याआड झाकली गेली.

जन्म दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावचा. नात्यातले धोंडो केशव कर्वे यांच्या मुंबईच्या बिऱ्हाडी राहून मराठा हायस्कूलमध्ये शिक्षण झाले. पुढे कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला पुण्यात आले आणि रघुनाथरावही त्याच महाविद्यालयात शिकले. १८९६ साली सरकारी शिष्यवृत्ती घेऊन ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले.

हे कॉलेज ट्यूडर काळातले. सातव्या हेन्रीची आई लेडी मार्गारेट ब्यूफर्ट हिच्या देणगीतून १५११ साली ते उभे राहिले. सहाव्या एडवर्डचा शिक्षक जॉन चीक, एलिझाबेथ राणीला ग्रीक-लॅटिन शिकवणारा रॉजर ॲस्कम आणि तिचा कारभार चालवणारा विल्यम सेसिल हे सगळे इथलेच विद्यार्थी. अभ्यासिकेतून उठून दरबारात जाण्याची वाट त्या कॉलेजला जुनीच होती. मुर्डीच्या मुलानेही पुढे तीच धरली, फक्त त्याच्या वाट्याला दरबाराऐवजी कायदेमंडळ आले.

केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर म्हणत आणि त्यांतल्या अव्वलाला सीनियर रँग्लर. आनंदमोहन बोस १८७४ मध्येच रँग्लर झाले होते, पण पहिला क्रमांक कोणा भारतीयाने पटकावला नव्हता. १८९९ मध्ये जॉर्ज बर्टविसल आणि परांजपे यांनी तो विभागून मिळवला. हा मान किती मोठा, हे आज समजावून सांगावे लागते, कारण गुणानुक्रमे यादी लावण्याची पद्धत १९०९ नंतर केंब्रिजनेच बंद केली. परांजप्यांना कॉलेजची फेलोशिप मिळाली. पॅरिस आणि गॉटिंगेन येथेही त्यांनी अभ्यास केला.

परतल्यावर सरकारी शिक्षणखात्यात बड्या पगाराची जागा मिळण्यासारखी होती. त्यांनी फर्ग्युसन चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासदत्व पत्करले. तिथे वेतन महिना ७५ रुपये. १९०२ मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. आपटे, आगरकर आणि गोळे यांच्या खुर्चीवर आता पंचविशीतला-सव्विशीतला तरुण बसला होता.

प्राचार्यपदाच्या कारकिर्दीतला सर्वांत गाजलेला प्रसंग त्यांना शोभा देणारा नव्हे, असे पुष्कळांचे मत. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. तिच्यात पुढाकार घेणारे विनायक दामोदर सावरकर फर्ग्युसनच्या वसतिगृहात राहत. प्राचार्यांनी त्यांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. टिळकांनी 'केसरी'तून कडक टीका केली. गंमत अशी, की होळीच्या जागी भाषण करणारे 'काळ' साप्ताहिकाचे संपादकही परांजपेच, शिवराम महादेव. एका परांजप्यांनी विद्यार्थ्यांना चेतवले आणि दुसऱ्यांनी शिक्षा केली. शहराने बाजू कोणाची घेतली हे सांगायला नको. नेमस्त हा शिक्का तेव्हापासून पक्का झाला.

तो त्यांनी कधी पुसायचा प्रयत्नही केला नाही. नेमस्तांचे पुढारी गोपाळ कृष्ण गोखले यांचा मार्ग त्यांना पटलेला होता, १९१५ मध्ये त्यांनी गोखल्यांचे चरित्रही लिहिले. १९१३ पासून ते मुंबईच्या कायदेमंडळात होते. कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले तेव्हा कुलपती रा. गो. भांडारकर झाले आणि कुलगुरुपद परांजप्यांकडे आले.

माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतरच्या निवडणुकांवर काँग्रेसने बहिष्कार घातला. नेमस्तांच्या लिबरल पक्षाचे लोक उभे राहिले, आणि १९२१ मध्ये परांजपे शिक्षणमंत्री झाले. द्विदल राज्यपद्धतीत शिक्षण लोकनियुक्त मंत्र्याकडे, तर तिजोरी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे. शाळा वाढवा म्हणायचे आणि पैशासाठी दुसऱ्याच्या दाराशी उभे राहायचे, अशी स्थिती. तरी १९२३ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा त्यांच्याच कारकिर्दीत झाला. त्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे दिला आणि सक्तीच्या शिक्षणाची वाट ठेवली.

पुढे १९२४ मध्ये या राज्यपद्धतीची तपासणी करणाऱ्या मडिमन समितीवर ते होते. बहुमताला किरकोळ डागडुजी पुरेशी वाटली. सप्रू, शिवस्वामी अय्यर, जिना आणि परांजपे या चौघांनी मात्र वेगळा अहवाल लिहिला : दोष पद्धतीच्या मुळातच आहे, ती बदलल्याखेरीज गत्यंतर नाही. यंत्र स्वतः चालवून पाहिलेल्या माणसाचे हे मत असल्याने त्याला वजन होते. मवाळ म्हणजे सरकारच्या हो ला हो, हा समज या अहवालाने खोटा ठरतो. आणि तरीही १९२७ मध्ये त्याच पद्धतीत अबकारी आणि वनखाते त्यांनी स्वीकारले! टीकाकारांना विसंगती दिसली, तर त्यांचे अगदीच चुकले असे म्हणता येत नाही.

त्याच वर्षी ते भारतमंत्र्यांच्या सल्लागार मंडळावर लंडनला गेले आणि १९३२ पर्यंत तिथे होते. नंतर १९३८ पर्यंत लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू. लिबरल फेडरेशनचे अध्यक्षपद त्यांना दोनदा मिळाले, पण पक्षामागे मतदार उरला नव्हता. १९४२ मध्ये, देश 'चले जाव'च्या वर्षात असताना, ते 'सर' झाले.

मुत्सद्दी म्हणून खरे काम वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी आले. १९४४ मध्ये भारत आणि ऑस्ट्रेलिया यांनी एकमेकांकडे हायकमिशनर पाठवले. तिकडून जनरल आयव्हन मॅके दिल्लीला आले, इकडून परांजपे गेले. ज्या देशाच्या कायद्याने आशियाई माणसाला स्थायिक होण्याची जवळजवळ बंदी होती, त्या देशात अजून स्वतंत्र न झालेल्या राष्ट्राचा प्रतिनिधी म्हणून त्यांनी १९४७ पर्यंत काम पाहिले.

धर्माबाबत ते उघड बुद्धिवादी होते आणि हा वारसा घरातही उतरला. केंब्रिजमध्ये शिकलेली मुलगी शकुंतला परांजपे र. धों. कर्वे यांच्यासोबत संततिनियमनाच्या प्रचाराला लागली, त्या विषयावर चारचौघांत बोलणेही अवघड होते अशा काळात. पुढे ती राज्यसभेवर नियुक्त झाली. रशियन चित्रकाराशी झालेला तिचा विवाह टिकला नाही. तिची मुलगी सई आजोबांजवळ वाढली, ऑस्ट्रेलियातही त्यांच्याबरोबर होती. चित्रपट-दिग्दर्शिका सई परांजपे त्या याच.

१९६१ मध्ये त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र 'एटी-फोर नॉट आउट' प्रसिद्ध झाले. वयाच्या नव्वदीत पुण्यात त्यांचे निधन झाले.