बेनेडिक्टाइन शाळा म्हणजे काय? दीड हजार वर्षं जुन्या नियमावर चालणाऱ्या शाळांची गोष्ट

कॅथलिक शाळा म्हटलं की मुंबई-पुण्यात पटकन आठवतं ते झेवियर्स, डॉन बॉस्को किंवा जवळपासचं एखादं कॉन्व्हेंट. बाहेरून या सगळ्या शाळा सारख्याच वाटतात, पण प्रत्येकीमागे वेगळा धार्मिक संघ असतो. मुंबईचं सेंट झेवियर्स जेझुइटांचं, तर माटुंग्याचं डॉन बॉस्को सेल्सियनांचं. या दोन्हींपेक्षा कितीतरी जुनी अशी आणखी एक परंपरा आहे, ती म्हणजे बेनेडिक्टाइन मठांच्या शाळा. या शाळांनी एका उद्ध्वस्त होत चाललेल्या शहरात मुलांना सावरलं आणि दुसरीकडे मुलांवरचे अत्याचार वर्षानुवर्षं झाकूनही ठेवले. या दोन्ही गोष्टी समजून घ्यायच्या तर आधी मठ कसा चालतो ते पाहावं लागतं.

बेनेडिक्टाइन म्हणजे नेमके कोण?

इटलीतल्या नर्सिया गावचे संत बेनेडिक्ट (साधारण इ.स. ४८० ते ५४७) यांनी ५२९ च्या सुमारास मोंते कासिनो या डोंगरावर मठ उभारला. मठात एकत्र कसं राहायचं, यासाठी त्यांनी ७३ प्रकरणांचा एक नियम लिहिला. प्रार्थना किती वेळा करायची, कोणी काय काम करायचं, आजाऱ्यांची काळजी कशी घ्यायची, दारात आलेल्या पाहुण्याला कसं वागवायचं, अशा रोजच्या गोष्टी त्यात आहेत. ‘प्रार्थना करा आणि काम करा’ हे बेनेडिक्टाइनांचं प्रसिद्ध ब्रीद मात्र या नियमात शब्दशः कुठेच नाही. ते नंतर रूढ झालं.

हा नियम पाळणारे पुरुष आणि स्त्रिया वेगवेगळ्या मठांत राहतात. त्यांच्या व्रतांपैकी एक व्रत इतर संघांपेक्षा वेगळं आहे : स्थैर्याचं. ज्या मठात प्रवेश घेतला, त्याच समुदायाशी आयुष्यभर बांधून राहायचं. जेझुइटांना वरिष्ठ सांगतील त्या देशात जावं लागतं. बेनेडिक्टाइन मठवासी सहसा एकाच जागी म्हातारे होतात.

मठात शाळा कशी आली?

बेनेडिक्टने शाळा काढण्यासाठी मठ उभारला नव्हता. पण त्या काळी पालक लहान मुलांना मठाच्या स्वाधीन करत. प्रार्थना म्हणायची तर मुलांना वाचता यायला हवं, म्हणून त्यांना लॅटिन शिकवणं भागच होतं. इंग्लंडचा इतिहास लिहिणारे संत बीड वयाच्या सातव्या वर्षी असेच मठात आले आणि तिथेच विद्वान झाले.

पुढे ७८९ मध्ये सम्राट शार्लमेनने मठांनी आणि कॅथेड्रलांनी शाळा चालवाव्यात असा आदेश काढला. मठांकडे ग्रंथालयं होती, हस्तलिखितांच्या नकला करणारी माणसं होती. त्यामुळे पुढची काही शतकं पश्चिम युरोपातलं बरंचसं शिक्षण मठांच्या भिंतींआड झालं.

राजे बदलले, शाळा कशा टिकल्या?

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने १५३६ ते १५४० या काळात देशातले मठ बंद केले. इंग्रज बेनेडिक्टाइनांनी मग परदेशात आश्रय घेतला. १६०६ मध्ये दुए इथे आणि १६०८ मध्ये दियलवार इथे त्यांचे मठ सुरू झाले. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर त्यांना तिथूनही पळावं लागलं आणि ते पुन्हा इंग्लंडात आले. दियलवारचा समुदाय १८०२ मध्ये यॉर्कशरमधल्या अँपलफोर्थला, तर दुएचा समुदाय १८१४ मध्ये सॉमरसेटमधल्या डाउनसाइडला स्थिरावला. या दोन्ही ठिकाणच्या निवासी शाळा पुढे इंग्लंडमधल्या सर्वात नावाजलेल्या कॅथलिक शाळा झाल्या.

हंगेरीतला पानोनहाल्मा मठ ९९६ सालचा. कम्युनिस्ट राजवटीने चर्चच्या शाळा ताब्यात घेतल्या, तरी १९५० मध्ये मोजक्या कॅथलिक शाळांना परवानगी मिळाली. पानोनहाल्माची शाळा त्यांपैकी एक. फिलिपिन्समध्ये स्पॅनिश मठवाशांनी १९०१ मध्ये मनिलात सान बेदा ही शाळा काढली. आज ते विद्यापीठ आहे आणि माजी राष्ट्राध्यक्ष रोद्रिगो दुतेर्ते तिथेच कायदा शिकले.

नेवार्कची शाळा एवढी चर्चेत का?

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातलं नेवार्क हे कामगारांचं शहर. तिथली सेंट बेनेडिक्ट्स प्रेप ही शाळा १८६८ पासूनची. १९६७ मध्ये शहरात मोठी दंगल झाली, गोरी कुटुंबं उपनगरांकडे निघाली आणि शाळेतली मुलं कमी होत गेली. पुढे काय करायचं यावरून मठातच फूट पडली. अनेक मठवासी निघून गेले आणि १९७२ मध्ये शाळा बंद झाली.

उरलेल्यांनी मात्र स्थैर्याचं व्रत शब्दशः घेतलं. शहर बदललं म्हणून आपण जागा सोडायची नाही, आता इथे जी मुलं आहेत तीच आपली मुलं, असं त्यांनी ठरवलं. १९७३ मध्ये शाळा पुन्हा उघडली. मुख्याध्यापक झाले एडविन लेही, तेव्हा वयाची तिशीही न गाठलेले. आता वर्गात प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं होती.

या शाळेचा बराचसा कारभार मुलंच पाहतात. विद्यार्थी वेगवेगळ्या गटांत विभागलेले असतात आणि गटप्रमुख मोठ्या वर्गातला असतो. एखादा मुलगा आला नाही तर त्याची चौकशी आधी गटाने करायची. सकाळची सभाही विद्यार्थीच चालवतात. पहिल्या वर्षाच्या मुलांना अ‍ॅपलाचियन डोंगरवाटेवर गटाने ५० मैलांहून जास्त, म्हणजे ८० किलोमीटरच्या पुढे चालावं लागतं. एकट्याने पुढे निघून चालत नाही, सगळ्यात मागे राहिलेल्यालाही सोबत न्यावं लागतं. २०२० पासून तिथे मुलींसाठीही विभाग आहे.

मग काळी बाजू कोणती?

इंग्लंड आणि वेल्समधल्या बाल लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये अँपलफोर्थ आणि डाउनसाइडवरचा अहवाल दिला. या दोन शाळांशी संबंधित दहा जणांना, त्यांत बहुतेक मठवासी, मुलांविरुद्धच्या लैंगिक गुन्ह्यांबद्दल किंवा अश्लील छायाचित्रांबद्दल शिक्षा किंवा अधिकृत ताकीद झाली होती. प्रत्यक्षातला आकडा याहून बराच मोठा असावा, असं आयोगाने म्हटलं. मुलांच्या सुरक्षेपेक्षा मठवाशांना आणि संस्थेच्या नावाला जपलं गेलं, हा मुख्य ठपका होता. २०१२ मध्ये डाउनसाइडच्या तेव्हाच्या मुख्याध्यापकाने जुन्या फायली हातगाडीवरून नेऊन जाळल्याचीही नोंद अहवालात आहे. २०१९ मध्ये लंडनच्या ईलिंग मठाच्या शाळेबद्दलही असाच अहवाल आला.

हे इतकी वर्षं कसं दडलं, याचं एक उत्तर मठाच्या रचनेत सापडतं. प्रत्येक बेनेडिक्टाइन मठ बराचसा स्वायत्त असतो. १८९३ पासून रोममध्ये सर्व मठांचा एक प्रमुख आहे, पण तो हुकूम सोडणारा वरिष्ठ नाही. मठाधिपती हाच मठवाशांचा आध्यात्मिक पिता, आणि अनेकदा शाळेवरही त्याचाच वचक. तक्रार ज्याच्याकडे जायची, आरोपी त्याच्याच घरातला. जे स्थैर्य नेवार्कमध्ये मुलांचा आधार ठरलं, त्यानेच इथे गुन्हेगारांना आडोसा दिला.

आता काय बदललं?

डाउनसाइडची शाळा २०१९ मध्ये कायदेशीरदृष्ट्या मठापासून वेगळी झाली. मठवाशांनी २०२० मध्ये ती जागाच सोडायचं ठरवलं आणि २०२२ मध्ये ते डेव्हनमधल्या बकफास्टला गेले. अँपलफोर्थवर नवे विद्यार्थी न घेण्याची बंदी सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये घातली. सुधारणा केल्यावर ती २०२१ मध्ये उठली. आज अनेक बेनेडिक्टाइन शाळांत शिक्षक, मुख्याध्यापक आणि विश्वस्त बहुतेक सामान्य संसारी लोक असतात. मठांत नव्याने येणारे कमी झाले आहेत, हेही त्यामागचं मोठं कारण.

भारतात या शाळा फारशा का दिसत नाहीत?

जेझुइट १५४२ मध्येच फ्रान्सिस झेवियरबरोबर गोव्यात आले आणि शिक्षण हेच त्यांचं मुख्य काम बनलं. बेनेडिक्टाइन भारतात त्यामानाने खूप उशिरा रुजले. त्यांची इथली ओळख शाळांपेक्षा आश्रमांमुळे जास्त आहे. तामिळनाडूतला शांतीवनम हा १९५० सालचा आश्रम त्याचं प्रसिद्ध उदाहरण. स्वामी अभिषिक्तानंद या नावाने ओळखले जाणारे फ्रेंच बेनेडिक्टाइन आंरी ल सो त्याच्या दोन संस्थापकांपैकी एक.

बेनेडिक्टच्या नियमाची सुरुवातच ऐकण्याच्या आवाहनाने होते. तिसऱ्या प्रकरणात तर मठाधिपतीला सांगितलं आहे की महत्त्वाच्या निर्णयाआधी सगळ्यांचं ऐका, कारण योग्य गोष्ट अनेकदा सर्वात लहानाला सुचते. नेवार्कची शाळा मुलांच्या हाती कारभार देताना हेच करते. इंग्लंडमधल्या त्या मठांत मुलं बोलत होती, तेव्हा हेच प्रकरण विसरलं गेलं होतं.