लॅपटॉपवर जन्म, बोर्डवर नोकरी: एका एररचा इतिहास

आजची गोष्ट एका एररची.

गेल्या पावसाळ्यात मांजरीच्या फ्लॅटवर बसून मी एका छोट्या एआरएम बोर्डसाठी मोटर कंट्रोलचा प्रोग्रॅम लिहीत होतो. लॅपटॉपवर कंपाईल केला, बोर्डवर टाकला, चालवला. उत्तर काय? 'अशी फाईल नाही.' अरे, फाईल तर समोर दिसतेय! दोन रात्री त्यातच गेल्या.

एका मशीनवर बसून दुसऱ्याच मशीनसाठी कोड बनवायचा, याला क्रॉस-कंपाइलेशन म्हणतात. हा प्रकार जुना आहे. अपोलो यानातल्या कॉम्प्युटरची बदलता येणारी मेमरी होती फक्त २,०४८ शब्दांची. तिथे असेंब्लर कुठे मावणार? म्हणून एमआयटीत ह्यू ब्लेअर-स्मिथ यांनी लिहिलेला 'युल' हा असेंब्लर हनीवेलच्या मोठ्या कॉम्प्युटरवर चालायचा. तयार झालेला कोड मग चक्क तारा विणून यानाच्या मेमरीत बसवायचे. चूक राहिली तर पुन्हा विणकाम!

आता पुण्यात येऊ. अमेरिका तिचे ताकदवान महासंगणक भारताला सहज देत नव्हती. म्हणून १९८८ मध्ये सी-डॅक सुरू झालं, डॉ. विजय भटकर प्रमुख झाले आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. त्यात ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या टी-८०० ट्रान्सप्युटर चिप्स होत्या. ही चिप मुळात एम्बेडेड कामांचाही विचार करून बनवलेली. तिच्या आतच शेड्युलर होता. तातडीचं काम आधी, बाकीचं नंतर, हे ती स्वतःच बघायची. पण तिला ना कीबोर्ड, ना डिस्क. प्रोग्रॅम दुसऱ्या कॉम्प्युटरवर कंपाईल व्हायचा आणि लिंकच्या तारेतून चिपमध्ये उतरायचा.

इथे एक मेख होती. आधीच्या टी-४१४ चिपमध्ये दशांश गणिताचं वेगळं युनिट नव्हतं. ते गणित सॉफ्टवेअरने, सावकाश व्हायचं. टी-८०० मध्ये ते युनिट चिपमध्येच आलं. त्यामुळे कोड कोणत्या चिपसाठी बनवायचाय, हे कंपायलरला आधी सांगावं लागायचं. तो आपणहून ओळखणार कसा? चिप तर त्याच्यासमोर नसतेच.

माझी चूक नेमकी हीच होती. 'रीडएल्फ'ने तपासलं तेव्हा कळलं: माझा प्रोग्रॅम हार्ड-फ्लोटचा लोडर मागतोय आणि बोर्डवरचं लिनक्स सॉफ्ट-फ्लोटचं. म्हणजे माझी फाईल जागेवर होती, गायब होता तो तिला चालू करणारा लोडर. कर्नल फक्त 'फाईल नाही' म्हणतो, कुठली ते सांगत नाही!

मी घाईघाईत सगळं सॉफ्ट-फ्लोटमध्ये कंपाईल केलं. प्रोग्रॅम चालला, पण मोटर धक्के खायला लागली. दर मिलिसेकंदाला पूर्ण व्हायला हवं ते गणित उशिरा संपत होतं. रिअल-टाइममध्ये बरोबर पण उशिरा आलेलं उत्तर चुकीचंच धरतात. आणि गंमत म्हणजे बोर्डच्या चिपमध्ये दशांश गणिताचं युनिट होतं, नुसतं रिकामं बसलेलं. शेवटी बोर्डवर हार्ड-फ्लोटची इमेज टाकली, मूळ बिल्ड परत चढवला. मोटर शांत!

तेव्हा मंडळी, अशी एरर आली तर कोडवर संशय घेण्याआधी तीन गोष्टी बघा: चिप कोणती, दशांश गणित कोण करतंय, आणि प्रोग्रॅमला हवा तो लोडर बोर्डवर आहे का. मी हे पहिल्याच रात्री बघितलं असतं, तर दुसऱ्या रात्री निवांत झोपलो असतो.

परम ८००० च्या वेळी मी जन्मलोही नव्हतो. पण त्या वेळी पुण्यात ट्रान्सप्युटरवर काम करणाऱ्यांना जो प्रश्न आधी सोडवावा लागायचा, तोच माझ्या टेबलावर येऊन बसला होता. आपण इथे, मशीन तिथे. मधलं अंतर कंपायलर आपोआप भरून काढत नाही, तिथलं सगळं त्याला आपणच सांगायचं असतं.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!