समुपदेशन, व्यक्तिगत (विशेष संदर्भ : पारशिवनी परिसर)

ताण, शोक, व्यसन, नात्यांतले पेच किंवा निर्णयातील कोंडी यांविषयी प्रशिक्षित व्यक्तीशी ठरलेल्या वेळी, एकांतात व गोपनीयता पाळून केलेला संवाद. समुपदेशक औषध लिहून देत नाही; तो अधिकार मनोविकारतज्ज्ञाचा.

पारशिवनी हे नागपूर जिल्ह्याच्या उत्तरेकडील, पेंच खोऱ्यातले तालुक्याचे गाव. गंभीर आजारासाठी नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय (स्थापना १८६४) जवळचे. त्याच्या लगतचा चौक आजही 'पागलखाना चौक' म्हणून ओळखला जातो. साध्या उदासीसाठी तिकडे कोणी सहसा वळत नाही, यात नवल नाही.

ग्रामीण विदर्भातील सर्वांत नीट नोंदलेला प्रयोग 'विश्राम' हा अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत झाला. त्यात गावपातळीवरील कार्यकर्ते आणि प्रशिक्षण दिलेले बिगरतज्ज्ञ समुपदेशक यांनी प्राथमिक काम केले, तर अवघड रुग्ण मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवले गेले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. तुलनेसाठी वेगळी गावे नसल्याने हे सारे श्रेय प्रकल्पालाच द्यावे का, हा प्रश्न उरतो. तरीही पदवीइतकेच देखरेखीखालील प्रशिक्षण मोलाचे ठरते, असे त्यावरून मानण्यास जागा आहे.

निवड : चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते व ती पडताळता येते. समुपदेशकांच्या नोंदणीची तरतूद २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्यात आहे. तोवर ही पाटी लावण्यास फारशी आडकाठी नव्हती. म्हणून शिक्षण, अनुभव, शुल्क आणि 'रुग्ण पुढे कोणाकडे पाठवता' हे पहिल्याच भेटीत विचारावे. हमखास गुण येण्याची हमी देणारा टाळावा. लहान गावात समुपदेशक सोयरा किंवा शेजारी निघण्याचा संभव असतो. अशा वेळी दुसरी व्यक्ती शोधणे दोघांच्याही हिताचे. दोन-तीन भेटींनंतरही मोकळे वाटत नसेल तर समुपदेशक बदलण्यात गैर काही नाही. जिवाला धोका दिसल्यास गोपनीयतेला अपवाद होतो, हे समुपदेशकाने आधीच सांगणे अपेक्षित आहे.

दूरध्वनी : टेलि-मानस, १४४१६ (ऑक्टोबर २०२२ पासून), विनामूल्य, अहोरात्र, मराठीतही.

विवाह व कुटुंब समुपदेशन : कुटुंब न्यायालयांत १९८४ च्या कायद्यान्वये.