नावाआधीचा अंडरस्कोर

मेथड खासगी आहे, क्लासबाहेरून तिला कुणी बोलावू नये, हे सांगायची सोय जिथे भाषेत नव्हती, तिथे प्रोग्रामरांनी ते नावातच लिहिलं.

झेरॉक्स पार्कच्या स्मॉलटॉक-८०मध्ये प्रत्येक मेथड खुली होती. आतल्या कामाच्या मेथड्स 'प्रायव्हेट' नावाच्या गटात ठेवत, एवढंच. वाचणाऱ्याला इशारा मिळे, पण अडवणारं कुणी नव्हतं. सी++ने हे काम कंपायलरवर सोपवलं. ब्रॅड कॉक्स आणि टॉम लव्ह यांची ऑब्जेक्टिव्ह-सी मात्र स्मॉलटॉकच्या वळणावर गेली, आणि नावातल्या खुणेची खरी परीक्षा तिथेच झाली.

ॲपल ऑब्जेक्टिव्ह-सीतल्या आपल्या कोको फ्रेमवर्कमधल्या खासगी मेथड्सच्या नावाआधी अंडरस्कोर लावत असे. बाहेरच्या प्रोग्रामरने कोकोच्या क्लासवरून आपला सबक्लास केला आणि त्यात नेमकं तेच नाव ठेवलं, की मूळ मेथड झाकली जाई. मग ॲपलचा कोड स्वतःची समजून भलतीच मेथड चालवी. म्हणून ॲपलने मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलं: सुरुवातीचा अंडरस्कोर आमच्यासाठी राखीव, तुम्ही तुमचा वेगळा उपसर्ग लावा. या साऱ्या इतिहासात मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुद्दाम आत हात घालणाऱ्याला परिणामांची कल्पना असते; नकळत तेच नाव ठेवणाऱ्याला ती नसते, आणि चूक शोधताना तो बिचारा स्वतःच्याच कोडमध्ये फिरत राहतो.

पायथनने नेमकं हेच दुखणं ओळखलं. तिथे एक अंडरस्कोर म्हणजे निव्वळ संकेत. दोन लावले, की १.४ आवृत्तीपासून (१९९६) पायथन त्या नावाला आतून क्लासचं नाव जोडतो. त्यामुळे सबक्लासमधल्या नावाशी टक्कर टळते. बदललेलं नाव लिहून आत शिरता येतं, आणि ते कुणी लपवलेलंही नाही. याला कच्चं कुलूप म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. हे कुलूप म्हणून केलेलंच नव्हतं.

२०११मध्ये आलेल्या डार्टने अंडरस्कोरचाच नियम केला: ते नाव लायब्ररीबाहेर दिसतच नाही. जावास्क्रिप्टमध्येही अंडरस्कोरची सवय जुनीच. पण त्या नावांना बाहेरून हात लावणारा कोड जगभर चालू होता, त्याला धक्का लावणं परवडणारं नव्हतं. म्हणून २०२२च्या प्रमाण आवृत्तीत '#' ही नवी खूण आली. ती नावाचाच भाग आहे. घोषणेत लिहावी लागते आणि प्रत्येक वापरातही. अनेकांना ती कुरूप वाटली. मला ती आवडते: ओळ वाचतानाच कळतं की हे नाव याच क्लासचं आहे, आणि बाहेरून वापरलं तर प्रोग्राम सुरूच होत नाही.